पगारवाढ चार टक्क्यांवर अडलीय, बाहेरून चौतीस टक्के वाढीचं पत्र आलंय. जाऊ की राहू?

प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे ३३ वर्षांचे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर, १४ जून २०२१ पासून. त्याआधी साताऱ्याच्या एमआयडीसीत जवळपास पाच वर्षं. पगारवाढ २०२२ मध्ये ६ टक्के, मग ५, मग ४, गेल्या वर्षी पुन्हा ४, आणि यंदाही चारच्या आसपास असेल असं एचआरने कानावर घातलंय. रांजणगावच्या एका कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे. सीटीसी, म्हणजे कंपनीला त्यांच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च, आत्ता ८ लाख २० हजार, तिथे ११ लाख. राहायला मोशी. घरात आई, मधुमेह असलेले वडील, बायको, पाच वर्षांची मुलगी. नोटीस ६० दिवसांची. उत्तर ५ एप्रिलपर्यंत द्यायचंय.

मी पुणे पट्ट्यातल्या कारखान्यांत अठ्ठावीस वर्षं पर्सोनेल खात्यात काढली. पुढे त्याच खात्याला एचआर म्हणायला लागले. म्हणजे ज्या पत्रावर तुमचे चार टक्के छापून येतात, त्या पत्रावर सही करणारा माणूस मी होतो. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

आधी उत्तर. हे पत्र आहे तसं स्वीकारू नका. पण आहात तिथे अजून तीन वर्षं बसायचा विचारही करू नका. आता कारणं.

तुम्ही लिहिलंय की महागाईने कंबरडं मोडलं. मी आकडे लावून पाहिले. २०२२-२३ मध्ये किरकोळ महागाईची सरासरी ६.७ टक्के होती, पुढच्या वर्षी ५.४, त्यापुढच्या वर्षी ४.६. तीन वर्षांत मिळून भाव साधारण साडेसतरा टक्के चढले. तुमचा पगार त्याच तीन वर्षांत ६, ५ आणि ४ असा पावणेसोळा टक्के वाढला. म्हणजे महागाईपुढे तुम्ही दोन टक्क्यांपेक्षाही कमी मागे पडलात. गंमत पुढे आहे. गेल्या वर्षीचे ४ टक्के तुम्हाला सगळ्यात जास्त झोंबले, पण गेल्या वर्षी महागाईच खाली बसली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर ती ०.२५ टक्क्यांवर आली. २०२२ मध्ये ६ टक्के मिळाले तेव्हा तुम्ही पेढे वाटले असतील, आणि खरं नुकसान त्या वर्षी झालं. मोशीतलं घरभाडं आणि मुलीची शाळेची फी सरकारी निर्देशांकाप्रमाणे वाढत नाही हे मलाही माहीत आहे, तरी ढोबळमानाने चित्र हेच.

मग गेलं काय? अनुभवाचा मोबदला गेला. २०२१ मध्ये तुम्ही लाइनवर रिजेक्शन मोजत होता. आज कस्टमर ऑडिटला तुम्ही उभे राहता, पीपॅपची, म्हणजे नवा भाग कस्टमरकडून मंजूर करून घेण्याची, फाइल तुम्ही बनवता, सप्लायरकडे जाऊन त्याचा प्रॉब्लेम तुम्ही सोडवता. काम बदललं, माणूस बदलला, आणि पगार मात्र २०२१ च्याच माणसाचा राहिला, भाववाढीपुरता फुगवलेला. तुमची तक्रार हीच आहे, फक्त ती तुम्ही महागाईच्या नावाने मांडताय. हा फरक मी मुद्दाम ताणतोय, कारण साहेबांपुढे महागाईचं नाव काढलंत की ते म्हणतील, ती सगळ्यांनाच आहे. आणि तिथेच बोलणं संपेल.

वाढ ठरते कशी, ते आतून सांगतो. जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचं बजेट बसतं. त्यात पगारवाढीसाठी एक एकूण टक्का ठरतो. समजा ५. हा टक्का खात्यांमध्ये वाटला जातो आणि खातेप्रमुखाला सांगितलं जातं की सरासरी पाचच्या वर जाऊ द्यायची नाही. दहा माणसांत दोघांना आठ द्यायचे तर बाकीच्यांचे कापायचे. खातेप्रमुखही माणूसच असतो. आठ जणांची तोंडं पाहण्यापेक्षा तो सगळ्यांना साडेचार-पाच देऊन मोकळा होतो. तुमचं काम, तुमचं ऑडिट, तुमची रविवारची ड्युटी या हिशोबात कुठे येते? फारशी येतच नाही. आणि ही वाढ बसते ती गेल्या वर्षीच्या पगारावर. तुमच्यासारख्या माणसाचा बाजारातला भाव काय चाललाय, हे त्या तक्त्यात कोणी लिहीतच नाही.

नवी भरती मात्र वेगळ्या खिशातून होते. जागा रिकामी झाली, कस्टमर बोंबलतोय, प्लांट हेड रोज विचारतोय, अशा वेळी बाजारभावाने माणूस उचलला जातो. म्हणूनच तुमच्या हाताखाली परवा लागलेला मुलगा तुमच्या पगाराच्या जवळपास घेतो आणि तुम्ही पाच वर्षांचे जुने. यात तुमच्याविरुद्ध कोणाचा कट नाही. दोन वेगळ्या वह्या आहेत आणि त्या एकमेकींना कधी भेटत नाहीत, इतकंच.

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात या दुखण्याला आणखी एक पदर आहे. कायम कामगारांची युनियन तीन-साडेतीन वर्षांनी करार करते. त्यांची वाढ टक्क्यांत नसते, रोख हजारांत असते, आणि मागच्या तारखेपासून फरकही मिळतो. स्टाफला टक्के. दोन करार झाले की बारा वर्षं जुना ऑपरेटर त्याच्या सुपरवायझरच्या पुढे निघून जातो. एका करारात मी मॅनेजमेंटच्या बाजूने बसलो होतो. सह्या झाल्या, गुलाल उधळला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात इंजिनिअर माझ्या केबिनबाहेर उभे. त्यांना मी काय सांगितलं? "पुढच्या वर्षी स्टाफचं बघू." पुढच्या वर्षी बघायला माझ्या हातात काही नव्हतं, आणि हे सांगताना मला ते ठाऊक होतं. सातांतले चार वर्षभरात गेले. ते बरोबर होते.

आता तुमची वाढ अडलीय ती नेमकी कशामुळे, हे शोधायला हवं. एकतर कंपनीच्या खिशात नाही. किंवा तुमच्या ग्रेडची कमाल मर्यादा आली आणि तुम्ही तिला टेकलात. किंवा मग साहेबांच्या मते तुम्ही तेवढ्याच लायकीचे आहात. तिसरं कोणी तोंडावर बोलत नाही, पण सहकाऱ्यांना जास्त मिळालं असेल तर ते आपोआप कळतं. तुम्ही लिहिलंय की सगळ्यांनाच चार. मग तिसरं बाद. ग्रेडचं कळायला सोपा प्रश्न आहे: सिनिअर इंजिनिअरचा असिस्टंट मॅनेजर व्हायला तुमच्याकडे काय लागतं, आणि गेल्या तीन वर्षांत किती जण झाले? पदोन्नतीच होत नसेल तर टक्का कितीही वाढला तरी तुम्ही त्याच डब्यात.

राहिला कंपनीचा खिसा. गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या सुट्या भागवाल्यांकडून दर वर्षी कॉस्ट डाउन मागतात. काम तेच, भाग तोच, आणि दर गेल्या वर्षीपेक्षा कमी करून द्यायचा. पोलाद महागलं तर त्याची भरपाई मिळते, तीही वाद घालून आणि उशिरा. पगार महागले तर कोणी विचारत नाही. अशा कारखान्यात मालक दुष्ट असण्याची गरजच नाही, वाढ आपोआप आक्रसते. नवे पार्ट, नवे कस्टमर येत असतील तरच तिला हवा मिळते. आणि इथे तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यापाशी मी थांबलो: तुमच्या प्लांटमध्ये एक्झॉस्टचे, म्हणजे धुराच्या नळीचे, आणि फ्यूएल लाइनचे, म्हणजे इंधनाच्या नळीचे, भाग बनतात. विजेच्या गाडीला एक्झॉस्ट नसतो. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या उद्या बंद होणार नाहीत, तुमच्या लाइन अजून बरीच वर्षं चालतील. पण नवीन मशिन तिकडे येणार नाही, आणि नवीन मशिन जिथे येत नाही तिथे नवीन हुद्दाही येत नाही. रांजणगावची कंपनी ब्रेकचे भाग बनवते. ब्रेक कुठल्याही गाडीला लागतो. मला तुम्हाला जा म्हणावंसं वाटतं ते मुख्यतः या एका गोष्टीमुळे. पत्रातल्या चौतीस टक्क्यांचा त्यात फारसा वाटा नाही.

कारण ते चौतीस टक्के खरे नाहीत. तुम्ही दोन्हीकडचा तक्ता दिलात हे फार बरं केलंत; बरेच जण नुसता सीटीसी सांगतात आणि सल्ला मागतात.

आत्ता तुमचा महिन्याचा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, ६०,०००. बेसिक २४,०००, त्यावर तुमचा पीएफ २,८८०, व्यवसाय कर २००. हातात ५६,९२०. वर्षाचे ६ लाख ८३ हजार, फेब्रुवारीत व्यवसाय कराचे शंभर जास्त कापतात ते सोडून द्या. शिवाय दिवाळीला सानुग्रहाचे ५० हजार, जे दर वर्षी न चुकता मिळालेत. एकूण ७ लाख ३३ हजार.

नव्या पत्रात ११ लाखांतले १ लाख ३२ हजार व्हेरिएबल आहेत, कंपनीच्या कामगिरीवर, वर्षाअखेरीला. कंपनीचा पीएफचा वाटा साडेसत्तेचाळीस हजार, ग्रॅच्युइटी एकोणीस हजार, विम्याचा हप्ता अठरा हजार. हे सगळं सीटीसीत मोजलंय. उरले ८ लाख ८३ हजार, म्हणजे महिन्याला ७३,६०० ग्रॉस. बेसिक ३३,०००, पीएफ ३,९६०, व्यवसाय कर २००. हातात ६९,४४०. बसचे दीड हजार कापणार. राहिले ६७,९४०. दिवाळीचं वेगळं काही नाही, ते व्हेरिएबलमध्येच जिरवलंय. वर्षाचे ८ लाख १५ हजार.

फरक ८२ हजारांचा. सव्वाअकरा टक्के. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर एकोणतीस टक्के, अर्धं मिळालं तर वीस. ते किती मिळतं हे एचआरला विचारू नका, त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. तिथे दोन-तीन वर्षं काढलेल्या कोणाला तरी गाठा आणि गेल्या दोन वर्षांत हातात किती पडले ते विचारा. रांजणगावात साताऱ्या-कराडचा माणूस सापडला नाही असं होणार नाही.

आयकराची चिंता इथे करू नका. नव्या करपद्धतीत प्रमाणित वजावट धरून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही, आणि तुम्ही दोन्हीकडे त्याच्या आत आहात. पीएफमध्ये दोन्ही वाटे मिळून वर्षाला सव्वीसेक हजार जास्त पडतील. ते तुमचेच आहेत, पण साठीनंतरचे धरून चला. एक बारीक प्रश्न मात्र जरूर विचारा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, आणि वेतनाची व्याख्या आता अशी आहे की भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. तुमच्या पत्रातलं बेसिक निम्म्याच्या खाली आहे. उद्या त्यांनी रचना बदलून बेसिक वाढवलं तर सीटीसी तोच राहून हातातले हजारभर रुपये कमी होऊ शकतात. "ही रचना संहितांनंतरची आहे का?" एवढंच विचारा. प्रश्न विचारणाऱ्याकडे एचआर जरा सावरून बसतं, हा वरचा फायदा.

मोशीहून चाकणला तुम्ही अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता. रांजणगाव एका बाजूने पन्नासेक किलोमीटर, आणि चाकण-शिक्रापूर रस्ता काय चीज आहे हे मी चाकणच्या माणसाला सांगायला नको. रोजचे दोन तास जास्त धरा. सहा दिवसांचा आठवडा, महिन्याला पन्नास तास. तुमची खात्रीची वाढ महिन्याला ६,८५०. म्हणजे त्या बसमध्ये बसण्याचे तासाला एकशे सदतीस रुपये मिळणार. काहींना परवडतं. तुमची मुलगी पाच वर्षांची आहे. संध्याकाळी सातला घरी येणं आणि आठला येणं यातला फरक तिला विचारून बघा.

आता ज्यावर तुम्ही एक ओळसुद्धा लिहिली नाहीत तो मुद्दा. वडिलांचा विमा. आत्ताच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडील आहेत. नवीन पत्रात कर्मचारी, पती किंवा पत्नी आणि दोन मुलं. आई-वडील नाहीत. नोकरी सोडल्याच्या दिवशी जुना ग्रुप विमा संपतो. मधुमेह असलेल्या साठीपुढच्या माणसाला बाहेर नवीन पॉलिसी घ्यायची तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि दोघांचा हप्ता वर्षाला तीस-पस्तीस हजार सहज जाईल. गेल्या सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, तेवढाच दिलासा. एक वाट आहे. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, आणि त्यात आधी काढलेली वर्षं प्रतीक्षेच्या काळात धरली जातात. पण ते नोकरीत असतानाच विचारायचं आणि अर्ज वेळेत टाकायचा. राजीनाम्यानंतर तिसऱ्या आठवड्यात आठवून उपयोग नाही. मी हे इतकं लांबण लावून सांगतोय कारण आमच्याकडून चांगल्या पगारावर गेलेला एक टूल रूमचा माणूस चार महिन्यांनी वडिलांच्या बायपासचं बिल घेऊन माझ्याकडे आला होता, जुन्या पॉलिसीत काही बसतं का विचारायला. बसत नव्हतं.

हप्त्याचे पस्तीस हजार वजा करा. ८२ हजारांचे ४७ राहिले. महिन्याला चार हजारांपेक्षा कमी, साडेसहा टक्के. चौतीसपासून निघालो होतो.

माझंही एक सांगतो. २००८ च्या उन्हाळ्यात मी चाळीस टक्के वाढीवर उडी मारली होती. कंपनी मोठी, प्लांट नवा, बोलणारे गोड. दिवाळी झाली आणि मंदीने गाड्यांचा बाजार बसला. ब्लॉक क्लोजर, म्हणजे मागणी नाही म्हणून कारखाना काही दिवस बंद ठेवणं, सुरू झाले, आठवड्याला तीन-चार दिवस काम. मी अजून प्रोबेशनवर. माणसं कमी करायची यादी मलाच करायला लावली, आणि त्या यादीत सगळ्यात वर प्रोबेशनवाले असावेत हा नियमही मलाच टाइप करायला लागला. माझं नाव त्यातून सुटलं ते केवळ यादी करणारा कोणीतरी हवा होता म्हणून. तेव्हापासून कोणी विचारलं की पहिला प्रश्न माझा हाच असतो: सहा महिने पगार आला नाही तर घर चालेल का? तुमच्यावर घराचं कर्ज नाही आणि चार महिन्यांचा खर्च बाजूला आहे असं तुम्ही म्हणताय. सहाचा करा. कर्ज काढायचं मनात असेल तर हेही लक्षात ठेवा की बँका नव्या नोकरीच्या निदान तीन पगारपावत्या मागतात, आणि प्रोबेशन संपेपर्यंत काही ठिकाणी हात आखडता घेतात.

आत मागून पाहिलंत का? तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की नाही; वाढीचं पत्र घेतलं, चेहरा पाडला आणि जागेवर जाऊन बसलात. बहुतेक जण असंच करतात. वाढीचं पत्र हातात आल्यावर मागायला जाणं म्हणजे पंगत उठल्यावर जेवायला जाणं. बजेट जानेवारीत बसतं, म्हणजे बोलणं नोव्हेंबर-डिसेंबरात करायचं. यंदाची वेळ गेली, तरी बोला, कारण पगार जमला नाही तरी हुद्दा आणि ग्रेड मधल्या काळात सुधारता येते. त्याला वेगळी मंजुरी असते. बोलताना घरभाडं, हप्ते, मित्राचा पगार यातलं काही काढू नका. दहा लाख भागांमागे सदोष भाग (पीपीएम) कितीवरून कितीवर आणलेत, खराब मालापोटी कस्टमर कापतो तो कोणता डेबिट वाचवलात, कोणतं ऑडिट तुमच्या जिवावर निघालं, हे आकड्यांत एका कागदावर लिहून न्या. साहेबांना तो कागद वर दाखवता आला पाहिजे. तुमच्या बाजूने भांडायचं त्यांच्या मनात असलं तरी त्यांच्या हातात काहीतरी द्यावं लागतं.

रांजणगावचं पत्र मात्र त्यांच्या टेबलावर ठेवू नका, जायची खरंच तयारी असल्याशिवाय. पत्र दाखवल्यावर आठ दिवसांत वीस टक्के सापडतात, हे मी पाहिलंय, मी स्वतः ते शोधून दिलेत. चार वर्षं जे नव्हते ते आठ दिवसांत आले कुठून? बहुतेक वेळा पुढच्या दोन वर्षांच्या वाढीतून. आणि त्या दिवसापासून तुमच्या नावापुढे एक अदृश्य खूण लागते; महत्त्वाचं नवं काम वाटताना साहेब म्हणतात, हा राहील का नक्की? थांबून भलं झालेले लोकही आहेत. ते सगळे असे, ज्यांना पैशांबरोबर काम बदलून मिळालं. नुसता आकडा वाढवून घेतलेले वर्ष-दीड वर्षात गेलेच.

आता तारखा, कारण यात तुमची खरी रक्कम अडकलीय. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग नोकरी लागते. तुमची पाच वर्षं १३ जून २०२६ ला भरतात. राजीनामा ५ एप्रिलला दिलात तर साठ दिवस ३ जूनला संपतात. दहा दिवस कमी. चार वर्षं २४० दिवस झाले की पाच धरायची असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, आणि तेवढे दिवस तुमचे फेब्रुवारीतच झालेत. काही कंपन्या ते मानतात. न मानणाऱ्या कंपनीशी सरकारी अधिकाऱ्याकडे जाऊन भांडत बसण्यापेक्षा राजीनामा २० एप्रिलला द्या, वाद उरतच नाही. रक्कम बघा: पंधरा दिवसांचं वेतन, सव्वीसने भागून, गुणिले पाच. २४ हजार बेसिकवर ६९ हजार होतात. नव्या व्याख्येप्रमाणे वेतन ग्रॉसच्या निम्मं, म्हणजे ३० हजार धरलं तर साडेशहाऐंशी हजार. कंपनी कोणता आकडा धरते ते लेखी विचारा. रांजणगावला हे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होईल, म्हणून त्यांच्या सीटीसीतले ते एकोणीस हजार पाच वर्षं टिकलात तरच तुमचे.

नवीन कंपनी म्हणेल, महिन्यात या, उरलेल्या नोटिशीचे पैसे आम्ही भरतो. भरू देऊ नका. कारण तेच, १३ जून. "१८ जूनला सुटतो, १९ ला हजर होतो," असं सांगा. ज्यांना माणूस हवा असतो ते पंधरा दिवसांसाठी सोडत नाहीत.

पीएफ काढू नका, यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकावर, ट्रान्स्फर करा. साताऱ्याचा ट्रान्स्फर केला होता ना? केला असेल तर पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षं तुमची भरतच आलीत. तेव्हा मोटारसायकलसाठी काढून घेतला असेल, तर ती वर्षं गेली, आता हळहळून उपयोग नाही. शिल्लक अर्जित रजेचे पैसे बेसिकवर देतात की ग्रॉसवर, ते नेमणूकपत्रात पाहा. अंतिम हिशोब संहितेप्रमाणे दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवा. कंपन्यांना अजून पंचेचाळीस दिवसांची सवय आहे, त्यामुळे घरखर्चाची सोय त्या बेताने ठेवा. आणि लेखी ऑफर, मेडिकल, जुन्या नोकऱ्यांची पडताळणी हे सगळं पार पडल्याची मेल आल्याशिवाय राजीनाम्याचं टंकलेखनसुद्धा करू नका.

तर या आठवड्यात एवढं करा. उद्या रांजणगावच्या एचआरला फोन लावा आणि म्हणा, येण्याची इच्छा आहे, दोन गोष्टी जमवा. व्हेरिएबलमधले साठ हजार पक्क्या पगारात टाका, आणि आई-वडिलांना विम्यात घ्या, हप्त्यातला काही भाग माझ्याकडून कापलात तरी चालेल. दुसरी गोष्ट त्यांना स्वस्त पडते, बहुतेक होऊन जाईल. पहिलीवर ते तीस-चाळीस हजारांवर येतील. दोन्ही मिळाल्या तर जा, मला तिथला ब्रेकचा धंदा तुमच्या एक्झॉस्टपेक्षा आवडतो. एकच मिळाली आणि ती विम्याची असेल, तर व्हेरिएबलची चौकशी काय सांगते त्यावर ठरवा. काहीच हललं नाही तर नम्रपणे नाही म्हणा आणि तळेगाव-चाकणच्या बाजूला बघत राहा. सस्पेन्शन, ब्रेक, सीट, वायरिंग हार्नेस, काहीही चालेल. तेवढ्यात जूनही उलटलेला असेल आणि ग्रॅच्युइटी खिशात पक्की.

वडिलांच्या पॉलिसीचा नंबर आणि विमा कंपनीचं नाव आजच एचआरकडून घेऊन ठेवा. कशाला हवंय विचारलं तर म्हणा, क्लेम करायचाय.